नवे महोत्सव नकोत, जत्रांकडे जाणाऱ्या वाटा दाखवा

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विषय : कोकणातील जत्रा व शिमगोत्सव यांची माहिती आणि सोयी

महोदय,

मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गाच्या रखडलेल्या कामाविषयी, त्यावरील खड्ड्यांविषयी आणि अपघातांविषयी वृत्तपत्रांतून गेली अनेक वर्षे लिहिले गेले आहे आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. मात्र हा रस्ता जसजसा चौपदरी होत गेला, तसतसा त्याचा आणखी एक परिणाम रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील लहान गावांवर होत गेला आणि त्याची चर्चा फारशी झालेली नाही. मुंबई-पुण्याहून मोटारीने निघालेला प्रवासी आता आमच्या गावांच्या बाजूने किंवा डोक्यावरून निघून जातो. फाट्यापासून पाच-सात किलोमीटर आत गावाची वर्षाची जत्रा भरलेली असते, त्या दिवशीही त्याला तिचा पत्ता लागत नाही. दुसरीकडे त्याच जिल्ह्यांत पर्यटकांना आकर्षित करण्यासाठी म्हणून मंडप घालून नवनवे महोत्सव भरवले जातात. शासनाने आणि स्थानिक संस्थांनी या नव्या महोत्सवांवरचा खर्च आवरावा आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या जत्रांपर्यंत प्रवाशाला पोहोचवण्याची व तिथे सर्वांचीच नीट सोय होण्याची व्यवस्था करावी, ही मागणी मला या पत्रातून मांडायची आहे.

सावंतवाडीचे उदाहरण घेऊ. पूर्वी महामार्ग सावंतवाडी शहरातून जात असे. गोव्याला निघालेली गाडी मोती तलावाच्या काठी थांबे, कुटुंबातील कोणी चितारआळीत लाकडी खेळणी पाहायला जाई, कोणी खाणावळीत जेवायला बसे आणि आज रात्री कोणत्या गावात दहिकाला, म्हणजे जत्रेतले दशावतारी नाटक, आहे हे तिथेच बोलता बोलता कळे. झाराप ते पत्रादेवी हा शहराला वळसा घालणारा रस्ता झाला आणि सावंतवाडी वाटेवरचे गाव राहिले नाही. कणकवलीवरून आता उड्डाणपूल जातो. भर वस्तीतून धावणारी अवजड वाहने बाहेर गेली हे चांगलेच झाले, त्याबद्दल कोणाही रहिवाशाची तक्रार असणार नाही. परंतु वाटेत थांबणाऱ्या माणसाला जी माहिती आपोआप मिळत होती, ती आता मुद्दाम पोहोचवावी लागेल, आणि हे काम कोणाचे हे अद्याप कोणीही ठरवलेले नाही.

प्रवासी कशाला मुकतो हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण कोकण म्हणजे समुद्रकिनारा, मासळी आणि आंबा एवढेच समीकरण शहरात रूढ झाले आहे. सिंधुदुर्गात भातकापणी उरकली की कार्तिकापासून वैशाखापर्यंत जवळजवळ रोज कुठल्या ना कुठल्या गावात जत्रा असते. दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत देवीची ओटी भरण्यासाठी रांग लागलेली असते. सासरी गेलेल्या माहेरवाशिणी त्या दिवशी हटकून येतात. बाहेर खाजा, खडखडे लाडू, बांगड्या आणि खेळणी यांची दुकाने लागतात. पालखीची प्रदक्षिणा झाली की देवळासमोर दशावताराची कंपनी आपला पेटारा उघडते. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्या साथीवर हे नाटक रात्रभर चालते. त्याला लिहिलेली संहिता नसते. आख्यान आणि प्रसंग ठरलेले असतात, संवाद मात्र नट रंगमंचावर उभे राहून स्वतः रचतात, आणि स्त्रीभूमिका पुरुषच अशा तन्मयतेने करतात की नव्याने पाहणारा माणूस आख्यान संपेपर्यंत हलत नाही. आधी संकासुराचा आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, मग पुराणातील आख्यान आणि पहाटे दहिकाल्याची हंडी, असा हा क्रम आहे. हा खेळ पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, कोणाची ओळख लागत नाही, बसायला एखादे बसकर मिळाले तरी पुरते.

प्रत्येक जत्रेचे स्वरूप निराळे असते हेही बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लोटांगणाची जत्रा म्हणून ओळखली जाते. वेंगुर्ला तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि मोठमोठ्या चामडी चपला अर्पण करतात. देवगड तालुक्यात अगदी समुद्राला लागून असलेल्या कुणकेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला इतर गावांतील देवस्वाऱ्या तीर्थस्नानासाठी येतात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातील कलावंतांनी चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांचा खेळ जिवंत ठेवला. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पिंगुळी महामार्गापासून दूर नाही. तरीही गोव्याकडे जाणाऱ्या किती मोटारी तिथे वळत असतील, याचा विचार मनात आला की वाईट वाटते.

रत्नागिरी जिल्ह्यात हेच स्थान शिमग्याला आहे. फाल्गुन शुद्ध पंचमीपासून शिमग्याची चाहूल लागते. काही गावांत त्रयोदशीला होम होतो, त्यांना तेरसे शिमगे म्हणतात, तर काही गावांत पौर्णिमेला भद्रेचे शिमगे असतात. ग्रामदेवतेची रूपे म्हणजे मुखवटे पालखीत बसवले जातात, पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, येते, ढोलाच्या तालावर नाचवली जाते आणि पुढे कित्येक दिवस घरोघर फिरते. देव आपल्या दारी येणार म्हणून अंगण सारवलेले असते, आणि एरवी कुलूप असलेली घरे त्या दिवसांत उघडलेली दिसतात, कारण मुंबईचा चाकरमानी गणपतीखालोखाल, आणि काही गावांत तर गणपतीइतक्याच ओढीने, शिमग्याला गावी येतो. मांडावर, म्हणजे गावाच्या ठरलेल्या जागी, नमन-खेळे हे लोकनाट्य होते, त्यात संकासुर आणि गोमू ही पात्रे येतात. गावातील वडीलधारा गाऱ्हाणे घालतो आणि जमलेली सारी माणसे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. गणपतीत कोकणात जाणाऱ्या वाहनांना टोलमाफी मिळते, जादा गाड्यांच्या घोषणा होतात, मंत्री महामार्गाची पाहणी करतात. शिमग्याला एवढी दखल अजूनही मिळत नाही.

एवढी संपत्ती दाराशी असताना आपण करतो काय? पर्यटन महोत्सव भरवतो. सिंधुदुर्ग हा १९९७ साली देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तेव्हापासून पर्यटनवाढ या शब्दाखाली बरेच काही झाले. त्यांतील किल्ले, किनारे आणि निवासाच्या सोयी यांवरील खर्चाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तीन-चार दिवसांच्या त्या मंचाला, ज्यावर शहरातून आणलेला वाद्यवृंद चित्रपटगीते गातो, पाहुण्यांचे सत्कार चालतात आणि शेवटच्या रात्री फटाके उडतात. असा कार्यक्रम कोणत्याही शहरात, कोणत्याही मैदानावर होऊ शकतो. तो पाहायला कोणी ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरून येणार नाही. त्याहून खेदाची गोष्ट ही की, अशा मंचावर ‘लोककला’ म्हणून दशावताराला पाऊण तास दिला जातो आणि रात्रभर फुलत जाणारे आख्यान त्या वेळेत उरकायला सांगितले जाते. महिला बचत गटांना अशा महोत्सवांत विक्रीची जागा मिळते, हा त्यांचा एक खरा उपयोग आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण तीच जागा जत्रांमध्ये माफक दरात राखून ठेवली तर त्या महिलांना वर्षातून एकदाच्या ऐवजी सबंध हंगामभर बाजार मिळेल.

शेजारच्या गोव्याकडून यात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे शिगम्याच्या मिरवणुका कोणत्या शहरात कोणत्या दिवशी निघणार, याचे वेळापत्रक सरकार आधी जाहीर करते आणि बाहेरचा माणूस त्याप्रमाणे आपला प्रवास आखतो. चित्ररथ आणि बक्षिसे आपल्याला नकोत, आपल्या पालख्यांना स्पर्धेत उभे करायचे नाही. फक्त ती आगाऊ सूचना हवी आहे.

ही सूचना देणे वाटते तितके सोपे नाही हे मी जाणतो, कारण आमच्या जत्रांच्या तारखा तीन निरनिराळ्या रीतींनी ठरतात. संगमेश्वर तालुक्यातील मार्लेश्वराचा साखरप्याच्या गिरिजादेवीशी विवाह मकरसंक्रांतीला होतो. संक्रांत सूर्यावर ठरत असल्याने ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते आणि त्यात गोंधळ होत नाही. बहुतेक जत्रा मात्र तिथीवर असतात. २०२५ साली त्रिपुरारी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला होती, २०२६ साली मध्ये अधिक महिना आल्याने ती २४ नोव्हेंबरला येते. मागच्या वर्षीची तारीख लक्षात ठेवून निघणारा प्रवासी अशा वेळी हमखास चुकतो. तिसरा प्रकार कौलाचा, म्हणजे देवाला विचारून मिळणाऱ्या संमतीचा, आहे. मालवण तालुक्यातील मसुरे येथील आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथीच नाही. देवीचा कौल घेतल्यावर तारीख निश्चित होते आणि मग काही तासांत ती मुंबईच्या चाळीचाळीत पोहोचते, रेल्वेची आरक्षणे भरून जातात. देवीच्या या दीड दिवसाच्या जत्रेची तारीख सोयीसाठी आधी ठरवा, रविवारी घ्या, अशी सूचना कोणी करू नये. तारीख गावाची आणि देवाची आहे, आपण फक्त ती ठरताच सर्वांना कळवण्याची तजवीज करायची आहे.

म्हणून प्रत्येक जिल्हा परिषदेने ग्रामपंचायतींकडून आणि देवस्थानांच्या मानकऱ्यांकडून माहिती घेऊन दर वर्षी आश्विनात जत्रांचे एक पंचांग प्रसिद्ध करावे. त्यात गावाचे नाव, देवस्थान, तिथी आणि त्या वर्षीची तारीख, महामार्गावरून कोणत्या तिठ्यावर वळायचे, आत किती अंतर आहे, एस. टी. ची शेवटची गाडी किती वाजता आहे, दशावतार किंवा नमन आहे किंवा कसे, एवढा मजकूर पुरे आहे. कौलाने ठरणाऱ्या जत्रांसाठी जागा मोकळी ठेवून त्यांच्या तारखा नंतर जाहीर कराव्यात. ज्या गावाची आपले नाव छापले जावे अशी इच्छा नसेल त्याचे नाव वगळावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हेच पंचांग एस. टी. स्थानकांवर लावावे. महामार्गावर तळेरे, नांदगाव, कसाल, हातखंबा, पाली अशा ठिकाणी जत्रेच्या आदल्या दिवसापासून ‘आज जत्रा’ असा साधा फलक, बाण आणि अंतर यांसह उभा करावा. सध्या त्याच जागी पुढाऱ्यांच्या शुभेच्छांचे भलेमोठे फलक असतात, त्यांवर जत्रेचे नाव असते पण तिथे जायचे कसे हे नसते.

नुसती प्रसिद्धी करून भागणार नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेहून अधिक भाविक मृत्युमुखी पडले. अरुंद वाट, दाटीवाटीची दुकाने आणि बाहेर पडायला न उरलेली जागा यांचा तो परिणाम होता. आंगणेवाडी किंवा कुणकेश्वर यांसारख्या मोठ्या जत्रांपूर्वी जिल्हा प्रशासनाची नियोजन बैठक होते, पोलीस, आरोग्य पथके आणि जादा एस. टी. गाड्या यांची व्यवस्था लावली जाते. लहान गावांच्या वाट्याला यातील काहीच येत नाही, तिथे सारा भार ग्रामस्थांवर असतो. महोत्सवांतून वाचवलेला पैसा इथे खर्च करावा. रात्रभर चालणाऱ्या जत्रेत स्त्रियांसाठी फिरती स्वच्छतागृहे ही पहिली गरज आहे आणि तिच्याबद्दल बोलायला आजही संकोच केला जातो. वर्षानुवर्षे बायका पाणी न पिता रात्र काढतात. त्यानंतर पिण्याचे पाणी, देवळापासून दूर वाहनतळ, तो ज्याच्या कापणी झालेल्या शेतात असेल त्या शेतकऱ्याला योग्य भाडे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा उचलणारी माणसे व त्यांची मजुरी. शेकडो मोटारी आत शिरल्या आणि गावातल्या एकेरी रस्त्यावर रुग्णवाहिका अडकली, तर त्या गावाला पाहुणा पुन्हा कधीच नकोसा होईल. मोठ्या गर्दीच्या दोन-तीन जत्रांवरच सर्वांनी तुटून पडण्यापेक्षा प्रवासी शंभर लहान जत्रांत विभागला गेला, तर त्या दृष्टीनेही हिताचे होईल.

काही गोष्टी मात्र पाहण्यासाठी नसतातच, आणि प्रवाशाला तेही सांगितले पाहिजे. मालवण तालुक्यातील आचरे गावात काही वर्षांच्या अंतराने देव रामेश्वराच्या कौलाने गावपळण होते. सगळा गाव आपली गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्या उभारून राहतो. मुले आनंदात असतात, रात्री भजने होतात, एकमेकांत जेवणे होतात, घरे तशीच मागे राहिलेली असतात. अशा वेळी रिकाम्या गावाचे चित्रीकरण करायला मोटारसायकली घेऊन आत शिरणे, वर ड्रोन उडवणे, हा त्या गावाचा अपमान आहे. गावपळण कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत येऊ नये. तसेच पालखी दारी आली असताना तिच्यासमोर उभे राहून स्वतःची छायाचित्रे काढणे, दशावतारातील नटाच्या चेहऱ्यावर प्रखर दिवा मारणे, मद्य पिऊन जत्रेत येणे, या गोष्टी गावकरी भिडेपोटी सहन करतात. त्यांच्या भिडेचा गैरफायदा घेतला जाऊ नये.

बाहेरून येणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा या बाजूने येणाऱ्यांनी कोकणात उतरताना नेहमीचा एकच घाट न धरता जत्रेप्रमाणे घाट निवडावा. मार्लेश्वरला जायचे असेल तर आंबा घाट उतरून साखरपा, देवगड बाजूला जायचे तर गगनबावड्यावरून वैभववाडी, कणकवलीसाठी फोंडा घाट, सोनुर्ली-आरवलीसाठी आंबोली. दुपारी निघून संध्याकाळी तालुक्याच्या गावी पोहोचावे आणि मुक्काम तिथेच करावा. राज्य शासनाच्या न्याहारी-निवास योजनेतील घरे यासाठी उत्तम आहेत. एका रात्रीच्या मुक्कामाचे आणि जेवणाचे पैसे थेट त्या घरात जातात, खाजाविक्या आणि फुलवाल्या बाईचे त्याच रात्री हातात पडतात. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्या पर्यटकाचा पैसा या लहान गावांपर्यंत क्वचितच येतो. दशावताराच्या नटांचे उत्पन्नही जत्रांच्या हंगामावरच अवलंबून असते. प्रेक्षक वाढला, गावाने कंपनीला द्यावयाचे मानधन वाढले, तरच पुढची पिढी तोंडाला रंग लावील. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी पाहण्याऐवजी वर्षातून एकदा तिथी पाहून रजा घेतली, तर मधल्या वारी कोकणातले रस्ते मोकळे असतात हाही लाभ आहे.

संपादक महोदय, यात आपल्या दैनिकालाही मोठा वाटा उचलता येईल. आपल्या जिल्हा आवृत्तीत जत्रांच्या बातम्या येतात, परंतु त्या बहुधा जत्रा होऊन गेल्यावर, किती गर्दी झाली आणि कोणत्या नेत्याने दर्शन घेतले एवढ्यापुरत्या असतात. त्याऐवजी त्रिपुरारी पौर्णिमेपासून शिमगा संपेपर्यंत दर शनिवारी पुढील आठ-दहा दिवसांतील जत्रांची यादी, गावाचे नाव, तारीख, वळायचा फाटा आणि रात्रीच्या नाटकाच्या कंपनीचे नाव यांसह प्रसिद्ध करावी. ती केवळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पानांवर न छापता मुंबई, पुणे आणि कोल्हापूरच्या आवृत्त्यांतही छापावी, कारण जो प्रवासी मोटार काढून निघणार आहे तो तिथे राहतो. जिल्हा परिषदांचे पंचांग निघेपर्यंत एवढे जरी झाले तरी येत्या हंगामात अनेक गाड्या महामार्ग सोडून आत वळतील. यादीसाठी लागणारी माहिती गावोगावचे वाचक आपल्याला आनंदाने पाठवतील. आमच्या तालुक्यातील जत्रांच्या तिथी मी सवडीने जमवल्या आहेत, त्या आपल्या कार्यालयाकडे पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
लांजा, जि. रत्नागिरी